घड्याळजी लुई मार्टिन: एका बापाची सत्तर वर्षे



जुलै महिन्याचा चौथा रविवार आपण २०२१ सालापासून आजी-आजोबांचा आणि वयोवृद्धांचा जागतिक दिन म्हणून पाळतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी हा दिवस सुरू केला. प्रभू येशूचे आजी-आजोबा संत योआकिम आणि संत अ‍ॅना यांच्या २६ जुलैच्या सणाजवळ तो यावा, अशी त्यांची योजना होती. या दिवशी आपल्याकडे काय होते ते तुम्हाला ठाऊक आहे. युवक मंडळ ज्येष्ठांना गुलाबाचे फूल देते, मिस्सानंतर फोटो निघतो, चहा आणि केक होतो. ज्यांना चालता येते ते येतात, ज्यांना कोणी रिक्षाने आणते तेही येतात. यंदा मला जे येत नाहीत त्यांच्याविषयी लिहायचे आहे. नेमके सांगायचे तर, ज्यांना आणले जात नाही त्यांच्याविषयी.

गेल्या प्रायश्चित्तकाळात घरभेटी करताना मी एका घरी गेलो होतो. घरचे वडील मला चांगले आठवतात. मे महिन्यात वाडीतल्या क्रूसाजवळ रोझरी सांगायचे काम अनेक वर्षे त्यांच्याकडे होते. मी बसलो, सरबत आले, प्रार्थना झाली. आतल्या खोलीचे दार मात्र बंदच होते आणि आतून कोणीतरी सारखे हाका मारत होते. मी विचारले तेव्हा सूनबाई अवघडून म्हणाल्या, "फादर, बाबांना आता काही कळत नाही. मागे मिस्सा चालू असताना ते मध्येच उभे राहून ओरडले. सगळे वळून बघायला लागले. तेव्हापासून आम्ही त्यांना नेत नाही." थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "त्यांना ख्रिस्तशरीर देणे तरी बरोबर आहे का? त्यांना काय देतोय तेच समजत नसेल तर?"

प्रश्न प्रामाणिक होता. मी त्या दिवशी घाईत एक उत्तर दिले, पण त्याने माझे स्वतःचेच समाधान झाले नाही. आज सावकाश उत्तर देतो. त्यासाठी मला फ्रान्समधल्या एका घड्याळजीची गोष्ट सांगावी लागेल. त्याचे नाव लुई मार्टिन. आपण सर्वजण त्याला त्याच्या धाकट्या मुलीमुळे ओळखतो. बालयेशूची संत तेरेजा, आपली 'लिटल फ्लॉवर', हे त्याचे नववे आणि शेवटचे अपत्य.

लुईचा जन्म २२ ऑगस्ट १८२३ रोजी बोर्डो शहरात झाला. वडील लष्करात कॅप्टन होते आणि मुलगा जन्मला तेव्हा ते मोहिमेवर स्पेनमध्ये होते. वडिलांच्या बदल्यांबरोबर मुलाचे बालपण निरनिराळ्या छावण्यांच्या गावी गेले. शेवटी हे कुटुंब नॉर्मंडीतल्या आलान्सों या गावी स्थिरावले. लुई मात्र शिपाई झाला नाही. तो घड्याळे दुरुस्त करायला शिकला. शांत बसून, डोळ्याला भिंग लावून तासन्‌तास करायचे हे काम त्याच्या स्वभावाला साजेसे होते.

वयाच्या बाविसाव्या वर्षी, १८४५ साली, तो आल्प्स पर्वतातल्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतील मठात गेला आणि मला मठवासी व्हायचे आहे असे त्याने सांगितले. हिमवादळात सापडलेल्या प्रवाशांना वाचवणारे साधू म्हणून तिथले मठवासी प्रसिद्ध आहेत. मठप्रमुखांनी विचारले, लॅटिन येते का? येत नव्हते. घरी जाऊन शिकून ये, असे त्यांनी सांगितले. लुईने लॅटिन शिकायला घेतले खरे, पण ते काही तडीस गेले नाही. शेवटी त्याने आलान्सोंमध्ये घड्याळाचे दुकान थाटले. (सेमिनरीत लॅटिनच्या तासाला मी स्वतः कसा घाम गाळला ते आठवले की या संताविषयी मला फार जवळीक वाटते.)

त्याच गावात झेली ग्वेरिन नावाची तरुणी होती. तिलाही धर्मभगिनी व्हायचे होते आणि तिलाही नकार मिळाला होता. ती लेस विणायला शिकली आणि त्यात इतकी तरबेज झाली की पुढे हाताखाली बायका ठेवून तिने स्वतःचा धंदा चालवला. आलान्सोंची ही सुईने विणायची लेस नाजूक कामासाठी नावाजलेली आहे. २०१० साली युनेस्कोने ती कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. या दोघांची गाठ एका पुलावर पडली आणि तीन महिन्यांत, १३ जुलै १८५८ च्या मध्यरात्री, त्यांचे लग्न झाले. मठाने परत पाठवलेल्या या दोघांच्या ज्या पाच मुली जगल्या त्या पाचही पुढे मठात गेल्या. चौघी लिझ्यूच्या कार्मेल मठात आणि लेओनी काँ शहरातल्या व्हिजिटेशन मठात. देवाच्या घरी विनोद चालतो असे मला अधूनमधून वाटते, ते अशा वेळी.

त्यांचा संसार कसा होता? आपल्यासारखाच. झेलीची दोनशेहून अधिक पत्रे आज उपलब्ध आहेत. त्यांत मुलांचे ताप आहेत, दूधपाजी बाईचा शोध आहे, गिऱ्हाइकांची घाई आहे, मोलकरणीची कटकट आहे. लुईची पत्रे मोजकीच आहेत. तो कमी बोलणारा माणूस होता. तो काय होता हे आपल्याला त्याच्या कृतीवरून पाहावे लागते.

रविवारी त्याचे दुकान बंद असे. खेड्यातली माणसे रविवारीच गावात येत आणि दागिने, घड्याळे घेत. दुकान बंद ठेवल्याने नुकसान होते, असे मित्र त्याला सांगत. त्याने ऐकले नाही. त्याला मासेमारीचा नाद होता. गळ टाकून नदीकाठी बसायचा आणि मिळालेली मासळी पुष्कळदा क्लारिस्ट भगिनींच्या मठात नेऊन द्यायचा. सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीचा तो सभासद होता. ही सोसायटी आपल्या धर्मग्रामातही आहे, तेव्हा तिच्या सभासदांनी पुढचा प्रसंग जरूर वाचावा. एकदा रेल्वे स्टेशनवर त्याला फेफऱ्याचा एक रोगी दिसला. त्याच्याकडे घरी जायला पैसे नव्हते. लुईने आपली टोपी काढली, तीत स्वतःचे पैसे टाकले आणि स्टेशनावरच्या उतारूंपुढे ती टोपी घेऊन फिरला. गावातला प्रतिष्ठित व्यापारी टोपी पुढे करून भीक मागतो आहे, हे दृश्य जरा डोळ्यांपुढे आणा. देणगीचा चेक लिहिणे त्यापेक्षा पुष्कळ सोपे असते.

१८७० साली त्याने आपले दुकान भाच्याला विकले आणि बायकोच्या लेसच्या धंद्याचा हिशेब, गिऱ्हाइके, पॅरिसच्या खेपा हे सर्व अंगावर घेतले. बायकोचा धंदा मोठा, म्हणून नवऱ्याने आपला बंद करून तिला हातभार लावायचा, ही गोष्ट आज आपल्याकडेही चार माणसांत सांगायला पुरुष कचरतात. त्याने ती दीडशे वर्षांपूर्वी केली आणि त्यात काही विशेष केले असे त्याला वाटल्याचे कुठे दिसत नाही.

नऊ मुलांपैकी चार गेली. १८६७ च्या फेब्रुवारीपासून १८७० च्या ऑक्टोबरपर्यंत, चार वर्षेही पुरी झाली नाहीत तोवर, या घरातून चार लहान शवपेट्या निघाल्या. दोन मुलगे, दोघांचेही नाव जोसेफ. पाच वर्षांची एलेन. आणि दोन महिन्यांची मेलानी-तेरेज. यानंतर १८७३ च्या २ जानेवारीला आपली तेरेजा जन्मली.

मग झेलीला स्तनाचा कर्करोग झाला. १८७७ च्या जूनमध्ये थोरल्या तिन्ही मुलींना घेऊन ती लूर्डला गेली. ती बरी होऊन येईल या आशेवर लुई घरी धाकट्या दोघींना सांभाळत होता. ती बरी झाली नाही. त्याच वर्षी २८ ऑगस्टला ती वारली. लुई चोपन्न वर्षांचा होता आणि पदरी पाच मुली होत्या. थोरली सतरा वर्षांची, धाकटी चार. त्याचे मित्र, त्याची नदी, त्याच्या मुलांच्या आणि पत्नीच्या कबरी सगळे आलान्सोंमध्ये होते. मुलींना मामा-मामीचा आधार मिळावा म्हणून तो सर्व सोडून लिझ्यूला राहायला गेला.

तिथल्या घरातल्या संध्याकाळींचे वर्णन तेरेजाने आपल्या आत्मकथेत केले आहे. सोंगट्यांचा डाव होई, मग थोरल्या बहिणी उपासनावर्षावरचे पुस्तक मोठ्याने वाचत, बाबा मुलींना मांडीवर घेऊन गाणी म्हणत, आणि शेवटी सर्वजण प्रार्थनेला गुडघे टेकत. धाकटीची जागा बाबांच्या शेजारी. संत कसे प्रार्थना करतात हे पाहायला मला बाबांकडे पाहिले की पुरत असे, अशा अर्थाचे तिने लिहिले आहे. ती आणखीही एक गोष्ट कबूल करते: चर्चमध्ये प्रवचन चालू असताना तिचे लक्ष प्रवचनकारापेक्षा बाबांच्या चेहऱ्याकडे जास्त असे. आम्हा धर्मगुरूंना हे जरा बोचते. पण आई-बाप हो, तुम्ही याचा विचार करा. माझे प्रवचन चालू असताना तुमचे मूल तुमच्याकडे पाहत असते आणि तुमच्या हातात मोबाईल असतो.

मुलींना त्याने लाडकी नावे ठेवली होती. मारी हिरा, पोलिन मोती, तेरेजा छोटी राणी. एकेक करून ही रत्ने त्याच्या हातून गेली. १८८२ साली पोलिन कार्मेलमध्ये गेली, १८८६ साली मारी. १८८७ च्या १ मे रोजी लुईला अर्धांगाचा पहिला झटका आला. त्यातून तो सावरला. चारच आठवड्यांनी, पेन्टेकॉस्टच्या संध्याकाळी, चौदा वर्षांच्या तेरेजाने बागेत त्याच्याजवळ बसून सांगितले की मलाही मठात जायचे आहे. तो रडला. तू अजून लहान आहेस एवढेच म्हणाला, पण अडवले नाही. मग भिंतीलगतचे एक लहानसे पांढरे फूल उपटून त्याने तिला दिले. ते मुळासकट निघाले होते. तेरेजाने ते आयुष्यभर जपले. त्यानंतर हा अर्धांगातून नुकताच उठलेला म्हातारा तिला घेऊन आधी बिशपांकडे आणि मग थेट रोमला, पोप लिओ तेरावे यांच्या दर्शनाला गेला. हेतू एकच, मुलीला आपल्यापासून दूर जायची परवानगी मिळावी! १८८८ च्या ९ एप्रिलला मठाच्या दारात तेरेजाने आशीर्वाद मागितला तेव्हा आशीर्वाद देण्यासाठी बापानेच गुडघे टेकले.

इथपर्यंतची गोष्ट आपल्याला आवडते. संतचरित्रांच्या छोट्या पुस्तिका बहुधा इथेच थांबतात, फार तर 'पुढे दीर्घ आजार सोसून' एवढे एक वाक्य घालतात. माझ्या मते लुई मार्टिनच्या आयुष्याचा खरा धडा इथून पुढे आहे.

त्याच वर्षीच्या जूनमध्ये तो घरातून नाहीसा झाला. कुणाला काही सांगितले नव्हते. चार दिवसांनी तो ल हाव्र या बंदराच्या गावी सापडला. एकांतात जाऊन साधूसारखे राहायचे, असे काहीसे त्याच्या डोक्यात होते. मग स्मृती ढासळू लागली, भास होऊ लागले. १८८९ च्या फेब्रुवारीत, युद्ध पेटले आहे आणि मुलींना वाचवायचे आहे, अशा भ्रमात त्याने पिस्तूल हातात घेतले. मुलींच्या मामांनी ते काढून घेतले आणि १२ फेब्रुवारीला त्याला काँ शहरातल्या बों सोव्हर या मनोरुग्णालयात ठेवण्यात आले. अवघ्या महिन्यापूर्वी, १० जानेवारीला, तो तेरेजाच्या वस्त्रग्रहणाच्या सोहळ्याला तिचा हात धरून चालला होता.

त्या मनोरुग्णालयात तो तीन वर्षांहून अधिक काळ होता. त्या काळी वेड्यांचे इस्पितळ म्हणजे घराण्याला कलंक. लिझ्यू हे लहान गाव. लोक काय बोलले असतील ते सांगायला नको, आपणही लहान गावातच राहतो. मुली एकामागून एक मठात गेल्या, विशेषतः ती धाकटी लाडकी गेली, म्हणून म्हाताऱ्याचे डोके फिरले, असे लोक उघड म्हणत. हे मठातही मुलींच्या कानांवर येत होते. तेरेजा तेव्हा सोळा वर्षांची होती. १८९० च्या सप्टेंबरमध्ये तिला काळे शिरोवस्त्र मिळाले त्या दिवशी बाबांना काही वेळ तरी आणता येईल अशी तिला आशा होती. ते जमले नाही. ती दिवसभर रडली आणि तिच्या भोवतालच्यांना तिचे रडणे समजले नाही.

सेलिन आणि लेओनी काँ शहरात खोली घेऊन काही महिने राहिल्या. बाबांना आठवड्यातून एकदाच भेटायची परवानगी होती, तरी त्या रोज दाराशी जाऊन चौकशी करत. १८८९ च्या जूनमध्ये मालमत्तेचा कारभार सोडत असल्याच्या कागदावर त्याची सही घेण्यात आली. ज्यांनी आपल्या आई-वडिलांचा अंगठा किंवा सही अशा कागदावर घेतली असेल त्यांना त्या दिवसाचे ओझे मी सांगायला नको. काही दिवस त्याचे मन स्वच्छ असे. तेव्हा तो चॅपलमध्ये जाई, ख्रिस्तशरीर स्वीकारी, मिळालेला खाऊ इतर रुग्णांना वाटून टाकी. आयुष्यभर मी हुकूम करत आलो, आता हुकूम पाळायला शिकतो आहे, असे तो डॉक्टरांना म्हणाल्याची नोंद आहे. आणि काही दिवस त्याला काहीच कळत नसे.

इथे एक प्रसंग सांगायलाच हवा, जरी तो सांगताना मला थोडा संकोच वाटतो. आजार बळावण्यापूर्वी, १८८८ च्या मे महिन्यात, लुई आलान्सोंच्या चर्चमध्ये गेला होता. देवा, मी फार सुखी आहे, तुझ्यासाठी काही सोसायला दे, अशी प्रार्थना आपण केल्याचे त्याने मुलींना सांगितले. त्यामुळे काही लेखक असे लिहितात की देवाने ती विनंती मान्य केली आणि आजार पाठवला. माझ्या प्रामाणिक मताप्रमाणे असे बोलणे जपून करावे. अर्धांगाचा पहिला झटका त्या प्रार्थनेच्या वर्षभर आधीच येऊन गेला होता. त्याच्या मेंदूला रक्त पुरवणाऱ्या शिरा खराब होत चालल्या होत्या. देव सावकार नाही, की भक्ताने तोंडातून शब्द काढला आणि त्याने वसुली सुरू केली. लुईने स्वतःला अर्पण केले, हे खरे. शरीर त्याच्या वाटेने गेले, हेही खरे. ज्या दिवशी त्याला अर्पण म्हणजे काय तेही आठवेना, त्या दिवशीही ते अर्पण देवाजवळ जमा होते, एवढेच मी म्हणेन.

आता सूनबाईंचा प्रश्न घेतो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला जॉन लॉक हा सतराव्या शतकातला इंग्लिश तत्त्वज्ञ होता. माणूस कालचा तोच आज आहे हे कशावरून, असा प्रश्न त्याने घेतला आणि उत्तर दिले: जाणिवेवरून. माझ्या जाणिवेत, स्मरणात जेवढे भूतकाळाचे आहे तेवढा मी. परीक्षेत मला या प्रश्नाला चांगले गुण पडले होते. पण लॉकचे म्हणणे शेवटपर्यंत नेले तर काय निघते पाहा. ज्याची स्मृती गेली तो माणूस पूर्वीचा उरला नाही. आतल्या खोलीत हाका मारणारे ते बाबा म्हणजे रोझरी सांगणारे बाबा नव्हेत, दुसरेच कोणीतरी. आपण तोंडाने असे म्हणत नाही, पण 'बाबा आता राहिले नाहीत, नुसते शरीर राहिले' असे वाक्य मी किती घरांत ऐकले आहे. ख्रिस्तसभेची विचारसरणी वेगळी आहे. बोएथियस आणि त्याच्यामागून संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की व्यक्ती म्हणजे बुद्धिस्वभाव असलेले एक स्वतंत्र अस्तित्व. बुद्धीचे काम थांबले तरी त्या अस्तित्वाचा स्वभाव बदलत नाही. झोपेत आपण व्यक्ती असतो, भूल दिल्यावर असतो, आईच्या पोटातही असतो. मी स्वतःला विसरलो तरी ज्याने मला नावाने हाक मारली तो विसरत नाही.

ख्रिस्तशरीराविषयी तर स्पष्ट शिकवण आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली पवित्र ख्रिस्तप्रसादावर जे प्रबोधनपत्र दिले त्यात म्हटले आहे की बौद्धिक अपंगत्व असलेल्या, स्नानसंस्कार व दृढीकरण झालेल्या व्यक्तींनाही शक्य तिथे ख्रिस्तशरीर द्यावे, कारण ते त्यांच्या कुटुंबाच्या अथवा सोबतच्या समुदायाच्या श्रद्धेत ते स्वीकारतात. बाळाचा स्नानसंस्कार करताना आपण हेच करत नाही का? तेव्हा बाबांनी तुम्हाला स्वतःच्या श्रद्धेत उचलून चर्चमध्ये आणले होते. आता तुमची पाळी आहे. गिळताना त्रास होत असेल तर अगदी लहानसा तुकडा पाण्याबरोबर देता येतो. ते तोंड फिरवत असतील तर जबरदस्ती करू नये, दुसऱ्या दिवशी पाहावे. आणि बेनसिराच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय घरी काढून वाचा. पवित्र कुटुंबाच्या सणाला आपण तो चर्चमध्ये ऐकतो. वडिलांची बुद्धी गेली तरी त्यांच्याशी समजुतीने वाग, असे त्यात मुलाला सांगितले आहे. बायबललाही हा आजार माहीत होता.

हे सर्व मी मोठ्या शहाणपणाने लिहितो आहे, पण माझ्या घरी हे घडले तेव्हा मी शहाणपणाने वागलो नाही. शेवटची दोन वर्षे माझे बाबा मला त्यांचा थोरला भाऊ समजत. मी गेलो की विहिरीच्या मोटेविषयी, केळीच्या बागेविषयी विचारत. मी दर वेळी सांगायचो, बाबा, मी तुमचा मुलगा, मी फादर आहे. ते घाबरल्यासारखे बघायचे. एकदा माझी वहिनी, जी त्यांना रोज न्हाऊ-जेवू घालत होती, मला स्वयंपाकघरात म्हणाली, "फादर, तुम्ही महिन्यातून एकदा येता आणि त्यांना धडा शिकवून जाता. मग रात्रभर ते झोपत नाहीत." त्यानंतरच्या भेटीत मी त्यांचा भाऊ होऊन बसलो. केळीविषयी बोललो. थोड्या वेळाने मी रोझरी काढली तर बाबांनी एक पूर्ण दशक न चुकता म्हटले. मी कोण ते त्यांना कळले नव्हते, पण नमो मरिया त्यांना येत होती. जे लहानपणी आणि रोज म्हटले ते सर्वांत शेवटी जाते, असे डॉक्टरही सांगतात. प्रार्थनागीतांचेही तसेच आहे.

तेरेजाने आपल्या वडिलांच्या या काळाचे काय केले? तिने तो लपवला नाही. वस्त्रग्रहणाच्या वेळी तिने आपल्या नावाला 'पवित्र मुखाची' हे शब्द जोडले. दुःखसहनात विद्रूप झालेल्या ख्रिस्ताच्या चेहऱ्याची ही भक्ती. बाबांच्या अवमानित चेहऱ्यात तिला तो चेहरा दिसू लागला. लहानपणी तिला एक विचित्र दृश्य दिसले होते: बाबा परगावी असताना बागेतून त्यांच्यासारखाच एक माणूस वाकून, डोके झाकून चालत गेला. तेव्हा कुणाला त्याचा अर्थ लागला नव्हता. आजारात बाबा काही वेळा आपले डोके झाकून घेत हे कळले, तेव्हा बहिणींना ते दृश्य आठवले.

१८९२ च्या मे महिन्यात लुईला घरी आणले. पाय पूर्ण गेले होते, पळून जायची भीती उरली नव्हती. दोनच दिवसांनी त्याला कार्मेलच्या भेटीच्या खोलीत नेले. मठातल्या तिन्ही मुलींनी तीन वर्षांहून अधिक काळाने बाप पाहिला आणि ती शेवटची भेट ठरली. तो फारसे बोलला नाही. निघताना त्याने वर बोट दाखवले आणि पुन्हा स्वर्गात भेटू, असे कसेबसे सुचवले. पुढची दोन वर्षे सेलिनने त्याची शुश्रूषा केली. तिलाही मठात जायचे होते, पण बाबांना सोडून ती गेली नाही. २९ जुलै १८९४ रोजी, रविवारी सकाळी, तो वारला. सत्तर वर्षे आणि अकरा महिने. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांत, १८९५ च्या सुरुवातीला, तेरेजाने आपली आत्मकथा लिहायला घेतली. तिच्या पहिल्या भागात पानोपानी बाबा आहेत.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ साली लुई आणि झेली या दोघांचे सद्‌गुण असामान्य असल्याचे जाहीर केले. २००८ च्या १९ ऑक्टोबरला लिझ्यूमध्ये त्यांना धन्यवादित घोषित करण्यात आले आणि २०१५ च्या १८ ऑक्टोबरला, कुटुंबावरील सिनड चालू असताना, पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये पती-पत्नींना एकत्र संतपद दिले. त्यांचा सण १२ जुलैला असतो. लुईची चौकशी करताना ख्रिस्तसभेने मनोरुग्णालयातील तीन वर्षे त्याच्या आयुष्यातून वजा केली नाहीत. दुकान, लेस, चार शवपेट्या, पाच मुली, टोपीतले पैसे आणि ते पिस्तूल, या सर्वांसकट तो संत आहे.

आता थोडे कामाचे. येत्या रविवारी साडेनऊच्या मिस्सामध्ये आजारी व वयोवृद्धांना रुग्णाभ्यंग देण्यात येईल. हा संस्कार फक्त मरणाच्या वेळचा, ही जुनी समजूत कृपया सोडा. पुढचे दोन बाक आणि डावीकडचे दार त्यांच्यासाठी मोकळे ठेवले आहे. व्हिन्सेंट दि पॉल सोसायटीकडे चाकाच्या दोन खुर्च्या आहेत, हव्या असतील त्यांनी शनिवारपर्यंत कार्यालयात नाव द्यावे. ज्यांना आणणे शक्यच नाही त्यांच्या घरी मी पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तशरीर घेऊन येईन. आतली खोली आवरून ठेवायची गरज नाही, सरबतही नको. आणि मिस्सा चालू असताना कोणी उभे राहून ओरडले, तर बाकीच्यांनी मागे वळून पाहू नये.

आपला,
प्रमुख धर्मगुरू